पांझराकाठच्या भाजीपेटीवर उन्हाळ्याचा स्वयंपाक

धुळे शहरात उन्हाळी भाजीची पेटी घरपोच देणाऱ्या पांझराकाठच्या एका शेतकरी गटाच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. होळीनंतर नोंदणी केली आणि मृग लागेपर्यंत दर आठवड्याला ही पेटी देवपुरातील आमच्या घरी येत राहिली. दर, वजन, ताजेपणा यांविषयी पुढे सांगेनच. परंतु ज्या घरात दोन वेळची भाजी-भाकरी रोज होते त्या घराला ही पेटी कितपत मानवेल, हे तिच्यातील भाजी कशी शिजवली जाते यावर बरेचसे अवलंबून आहे, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग स्वयंपाकाचाच असेल.

आधी गटाची रचना सांगतो. नदीजवळच्या एका सामाईक जमिनीवर काही कुटुंबे मिळून भाजीपाला पिकवतात. विहीर एक, ठिबकच्या नळ्या सामाईक, रोपे एकाच ठिकाणी तयार केलेली आणि निंदणी-खुरपणीच्या पाळ्या ठरलेल्या, असा सगळा व्यवहार आहे. शहरातील घरांनी हंगामाच्या सुरुवातीलाच पूर्ण हंगामाचे पैसे भरायचे असतात, त्यामुळे बियाणे, शेणखत आणि मजुरी यांसाठी गटाला कोणाकडे हात पसरावे लागत नाहीत. त्याबदल्यात त्या आठवड्यात शेतात जे तयार होईल त्याचे सारखे वाटे करून प्रत्येक पेटीत भरले जातात. कोणती भाजी हवी आणि कोणती नको हे घेणाऱ्याने सांगायचे नसते, आणि ही अट ज्याला मान्य नसेल त्याने या वाटेला जाऊ नये असे मी स्पष्टपणे सुचवीन.

पांझरेच्या खोऱ्यातील माणसाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. नदीवर लहान बंधारे घालून पाटाने पाणी फिरवण्याची फड बागायत या भागात काही शतके चालत आलेली आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी पिकांची जागा फिरवायची, पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे हे पंचांनी बसून ठरवायचे, पाणी पाटकऱ्याने सोडायचे आणि पीक जागल्याने राखायचे, असा तो शिरस्ता. शेतकऱ्याची जमीन शक्यतो वेगवेगळ्या फडांत थोडीथोडी विभागलेली असल्यामुळे एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा एकट्याच्या माथी येत नसे. भाजीपेटीमागे हाच विचार आहे आणि मे महिन्यात त्याची प्रचिती आली. विहिरीचे पाणी खाली गेले तेव्हा सगळ्यांच्याच पेट्या हलक्या झाल्या. एका घरी भरलेली आणि दुसऱ्या घरी निम्मी असे झाले नाही, आणि गटाने बाहेरून भाजी विकत आणून पेटी भरल्याचे सोंगही केले नाही. या सेवेतील ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

सुमारे पाच किलोच्या पेटीला आम्ही ३५० रुपये दिले. एकेका भाजीचा भाव काढून बाजाराशी तुलना केली, तर चैत्रात पेटी थोडी महाग पडते आणि वैशाखाच्या अखेरीस स्वस्त पडते, कारण पाण्याअभावी बाजारात गवार आणि भेंडी चढत जातात तेव्हा पेटीचा दर तोच राहतो. भाजी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, वरून ओल्या गोणपाटाने झाकून, सकाळी सातच्या आत दारात येते. या वेळेला फार महत्त्व आहे. पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या गावात दहा वाजता निघालेली पालेभाजी घरी पोहोचेपर्यंत मान टाकते, आणि मग कितीही पाणी शिंपडले तरी ती पूर्ववत होत नाही. गटातील बायका-माणसे पहाटे अंधारातच तोडणी उरकतात, हे भाजीच्या देठाकडे पाहिले की कळते. देठाचा काप ओला आणि हिरवट असतो, काळा पडलेला नसतो.

पेटीत काय नसते, हे आधीच सांगणे बरे. फुलकोबी, वाटाणा, गाजर, मेथी यांची अपेक्षा ठेवू नये. टोमॅटोही एप्रिलनंतर जवळजवळ दिसेनासे झाले. दिवसाचे तापमान सतत ३५ अंशांच्या वर राहिले, रात्रीही उकाडा हटला नाही, की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात; त्यामुळे आपल्याकडे भर उन्हाळ्यात बाजारात दिसणारा टोमॅटो बहुधा दुरून, थंड भागातून आलेला असतो. पेटीत त्याच्या जागी बांधावरच्या झाडाच्या कैऱ्या येतात. सुरुवातीला घरात थोडी कुरकुर झाली, पण पंधरवड्यातच आमटीला, वरणाला आणि भेंडीला कैरीच्या आंबटपणाची अशी सवय लागली, की नंतर टोमॅटोची आठवणही कोणी काढली नाही. तुरीच्या वरणात सालीसकट कैरीच्या चार फोडी डाळ शिजत आल्यावर घालाव्यात, आधी घालू नयेत, कारण आंबट पदार्थ आधी पडला की डाळ नीट गळत नाही. वरून लसणाची आणि सुक्या लाल मिरचीची फोडणी द्यावी. मिरची नंदुरबारची असेल तर रंगासाठी वेगळे काही घालावे लागत नाही.

पेटीचा खरा भार वेलवर्गीय भाज्यांवर असतो, आणि त्यांत गिलके, म्हणजे घोसाळे, पहिले. खानदेशात गिलक्याची भाजी होत नाही असे घर विरळाच असेल, तरी ती बिघडलेली खाण्याचे प्रसंगही पुष्कळ येतात, कारण गिलक्यात पाणी किती आहे याचा अंदाज नव्या हाताला येत नाही. शेतावर तोडणी पाहायला गेलो होतो तेव्हा गटातील एका आजींनी माझ्या पत्नीला दोन शब्दांत सांगितले होते, "गिलकामा पानी नको टाकजो माय, ते आपलंच पानी सोडस." त्याप्रमाणे आमच्याकडे आता जी पद्धत बसली आहे ती अशी. पेटीतील कोवळी गिलकी साल न काढता सुरीच्या पाठीने हलकी खरवडून घ्यायची, म्हणजे हिरवा रंग आणि सुवास दोन्ही राहतात. अर्धा बोटभर जाडीच्या अर्धगोल चकत्या करायच्या. मूठभर मुगाची डाळ तासभर भिजवून निथळून ठेवायची. लोखंडी कढईत शेंगदाण्याचे तेल तापवून जिरे, ठेचलेला भरपूर लसूण आणि हिरवी मिरची परतायची, त्यावर आधी डाळ आणि मग गिलकी टाकून एकदाच खालीवर करायचे आणि झाकण ठेवायचे. कढई पहिल्यांदा काठोकाठ भरलेली दिसते; पाच-सात मिनिटांत झाकणाखाली वाफ धरते, चकत्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होऊ लागतात, तळाशी पाणी सुटते आणि त्याच पाण्यात डाळ शिजू लागते. भाजी बसून कढईच्या एक तृतीयांशावर आली की मगच मीठ घालायचे. आधी, कढई भरलेली असताना, त्या अंदाजाने मीठ घातले तर भाजी हमखास खारट होते. डाळ बोटाने दाबली की फुटली पाहिजे, पण तिचा आकार मोडता कामा नये. हिच्यासोबत दादर ज्वारीची भाकरी असेल तर आणखी कशाची गरज पडत नाही.

जाड, थोडे निबर झालेले गिलके या भाजीला चालत नाही. ते विस्तवावर किंवा गॅसच्या जाळीवर सालीसकट भाजून, साल काढून, लसूण-मिरचीच्या ठेच्यात घोटले तर भरितासारखा प्रकार होतो आणि तो थंडही चांगला लागतो. पातळ चकत्यांची बेसनातली भजी तर सगळेच करतात, त्याविषयी वेगळे लिहीत नाही.

दोडका पेटीत गिलक्याहून कमी येतो, पण त्याच्या शिरा टाकून देणे हा मला अपव्यय वाटतो. शिरा सोलून, बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत परताव्यात, त्यांत तीळ, शेंगदाणे, लसूण आणि हिरव्या मिरच्या परतून मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटाव्यात. मिक्सरमध्ये ही चटणी बारीक होऊन चिकट होते, तिचा रवाळपणा जातो. म्हणून खलबत्ताच बरा. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाला भाजी करण्याचा उत्साह नसतो त्या दिवशी ही चटणी, भाकरी, तेल आणि कांदा यांवर जेवण उत्तम होते.

या वर्गातील भाज्यांबाबत एक गोष्ट मात्र कोणीही हलक्याने घेऊ नये. दोडका, दुधी, काकडी, गिलके या सर्वांत क्युकरबिटॅसिन नावाची कडू द्रव्ये कमी-अधिक असू शकतात, आणि पाण्याचा ताण पडला, ऊन तापले, की एखाद्या वेलाच्या फळांत ती वाढतात. दुधीच्या बाबतीत तर हे विषारी ठरू शकते. कडू दुधीचा रस पिऊ नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही बजावले आहे. शिजवल्याने किंवा मसाला वाढवल्याने हा कडूपणा जात नाही. म्हणून दुधी आणि दोडका चिरण्यापूर्वी प्रत्येक फळाची एक बारीक चकती जिभेला लावून पाहावी, कडू लागली तर थुंकून टाकावी आणि ते फळ अख्खे फेकून द्यावे; एका कडू दोडक्यापायी सगळी भाजी वाया घालवण्याइतका धोका कोणी पत्करू नये. मे महिन्याच्या मध्यावर पेटीतील एक दोडका कडू निघाला. गटाला कळवले तेव्हा त्यांनी तो वेल कोणत्या सरीतला असेल याची चौकशी केली आणि पुढच्या पेटीत सर्वांसाठी चकती चाखून पाहण्याची सूचना लिहून पाठवली. ही सूचना हंगामाच्या पहिल्या पेटीतच असायला हवी होती.

गवारीविषयी मी अधिक आस्थेने लिहितो, कारण या पेटीतली गवार ही खरोखर वेगळी वस्तू आहे. बाजारात बहुतेक वेळा लांब, गुळगुळीत, फिकट शेंगा मिळतात. त्या लवकर शिजतात आणि तितक्याच लवकर विसरल्या जातात. गटाने लावलेली गावरान गवार आखूड, गडद हिरवी आणि बारीक लव असलेली आहे, तिला एक हलकी कडसर चव आहे आणि शिजल्यावरही तिचा चावा टिकतो. ती निवडायला वेळ लागतो हे खरे. दोन्ही टोके मोडून बाजूची शीर ओढायची आणि शेंग हातानेच दोन तुकड्यांत मोडायची. मोडताना कट्कन आवाज आला तर ती कोवळी, नुसती वाकली तर निबर. निबर शेंगा भाजीत घालू नयेत, त्यांतील दाणे काढून आमटीत टाकावेत. कढईत तेलावर जिरे, ओवा आणि लसूण घालावा. ओव्याशिवाय गवार पोटाला जड जाते असे आमच्याकडे मानतात आणि चवीलाही तो लागतोच. गवार परतून कढईवर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी घालावे, म्हणजे आतली वाफ थंड झाकणाला लागून पुन्हा भाजीवर पडते आणि भाजीत पाणी न घालता ती शिजते. झाकणावरचे पाणी गरम झाले, आणि भाजी अगदीच कोरडी वाटली, तर त्यातलेच थोडे आत सोडावे. शिजत आल्यावर लाल तिखट, मीठ, गुळाचा छोटा खडा आणि शेवटी शेंगदाण्याचा जाडसर कूट. गूळ कडसरपणा झाकण्यासाठी घालायचा नाही, त्याला सोबत देण्याइतकाच घालायचा. भाजी गोड लागली तर गवार वाया गेली असे समजावे. काळा मसाला आणि खोबरे घालून रस्साही करतात, पण ही गवार कोरडीच खावी असे माझे ठाम मत आहे.

भेंडीबाबत पेटीचा अनुभव संमिश्र आहे. उन्हाच्या तडाख्यात भेंडी एका दिवसात निबर होते, म्हणून तोडणी एक दिवसाआड झाली पाहिजे. बहुतेक आठवडे भेंडी बोटभर, टोक पटकन मोडणारी आली; आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, पेटीत मात्र निम्मी भेंडी दोरे सुटलेली होती. सणासाठी लेकी माहेरी आलेल्या, घरोघर पाहुणे, अशा वेळी तोडणी लांबणे समजण्यासारखे आहे, तरी निबर भेंडी वजनात धरून पेटीत भरणे मला पटले नाही. ती बियाण्याला ठेवायला हवी होती किंवा वगळायला हवी होती. चांगली भेंडी आली की ती धुऊन, फडक्याने पूर्ण कोरडी करून मगच चिरावी, लोखंडी तव्यावर झाकण न ठेवता परतावी आणि चिकटपणा सुटू लागला की किसलेली कैरी घालावी. आंबट पडताच तार तुटते. मीठ इथेही शेवटी.

गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, हे पेटीतले सर्वांत सोशिक फळ. अख्खे असेपर्यंत ते घराच्या कोपऱ्यात थंड फरशीवर कितीतरी दिवस राहते, आणि एकदा चिरले की मात्र उन्हाळ्यात दोन दिवसांत संपवावे लागते. भंडाऱ्याच्या पंगतीत पुरीबरोबर वाढतात ती गंगाफळाची भाजी घरी तशी होत नाही अशी अनेकांची तक्रार असते. माझ्या मते त्याची दोन कारणे आहेत. एक तर घरी साल काढतात, त्यामुळे फोडी विरघळतात. दुसरे म्हणजे मेथीदाणे फोडणीत नीट लालसर होऊ देत नाहीत. साल ठेवून मोठ्या फोडी कराव्यात, मेथीदाणे तेलात रंग बदलेपर्यंत थांबावे, पण काळे होऊ देऊ नयेत, आणि फोडी अर्ध्या शिजल्यावर ढवळणे बंद करून कढई नुसती हलवावी. उरलेल्या फोडी वाफवून, गूळ घालून, कणकेत मळून घारगे केले की ते मुलांच्या हातात आपोआप संपतात.

पालेभाज्यांत तांदुळजा आणि घोळ या दोनच नियमित आल्या. घोळ ही मुद्दाम लावलेली नसते. पाण्याच्या सरीत ती आपणहून येते आणि निंदणीत निघते. ती फेकून न देता गट पेटीत घालतो याचे मला कौतुक वाटते. जाडसर, रसदार पाने आणि लालसर देठ असलेली ही भाजी जमिनीलगत पसरते, त्यामुळे तिच्यात वाळू फार असते. मोठ्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून वर काढावी, पाणी बदलावे आणि तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत हे करत राहावे. मग देठासकट चिरून, भिजवलेली मुगाची डाळ आणि लसूण घालून कोरडी करावी. तिचा मूळचा आंबटपणा पुरेसा असतो, वेगळे काही आंबट घालू नये. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती बेताने खावी, कारण तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते. दोन्ही पालेभाज्या आल्या त्याच दिवशी शिजवाव्यात. फ्रीजमध्ये ठेवायच्याच असतील तर न धुता, सुती फडक्यात गुंडाळून. भेंडी आणि गवारही तशाच, मात्र फडके पूर्ण कोरडे हवे.

वांग्याबद्दल थोडे लिहावे लागेल, कारण खानदेशातली भाजीपेटी म्हटल्यावर लोक आधी भरिताचे वांगे विचारतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते पांढुरक्या हिरव्या रंगाचे, मोठे, बिया कमी असलेले वांगे हिवाळ्याचे धन आहे. तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेले, कांद्याची पात घालून केलेले भरीत थंडीतच खावे. वैशाखात कोणी तसे वांगे दिले तरी त्यात बिया आणि उग्रपणा अधिक असतो. पेटीत उन्हाळ्यात आली ती लहान, काटेरी देठांची वांगी, आणि त्यांचा आम्ही वरण-बट्टीसोबतच्या घोटलेल्या भाजीसाठी उपयोग केला. वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण आणि थोडे शेंगदाणे एकत्र शिजवून रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटायचे, वरून कोथिंबीर. बट्टी तुपात बुडवून वरणात कुस्करली, की तोंडी लावायला हीच भाजी लागते.

आखाजीच्या आठवड्याची पेटी सर्वांत सुंदर होती. घागरीवर ठेवायला डांगर, म्हणजे नदीच्या वाळूत पिकलेले खरबूज, काही कैऱ्या, कांदे, काकडी आणि कोवळी गवार असा तो वाटा होता. डांगर गटाच्या शेतातले नव्हते, शेजारच्या वाडीवरून घेतलेले होते, आणि तसे पेटीवर लिहिलेलेही होते. असा स्पष्ट व्यवहार मला आवडतो. पूजा झाल्यावर सांजोऱ्या आणि आमरस यांच्या पानात काकडीची कोशिंबीर आणि गवार होती, आणि माहेरी आलेल्या माझ्या बहिणीने परत जाताना उरलेली गवार मागून नेली.

आता उणिवांकडे येतो. मे महिन्यात सलग काही पेट्यांत गिलक्यांचा इतका भडिमार झाला, की चार माणसांच्या घरात ती संपेना. शेतात जे पिकेल ते वाटायचे हे तत्त्व मला मान्य आहे, पण गटाने लागवडीच्या वेळीच गिलक्याचे वेल कमी करून ढेमसे किंवा चवळीच्या शेंगा वाढवल्या असत्या तर पेटीचा तोल सुधारला असता. दुसरे, तोडणी कोणत्या दिवशी झाली याची चिठ्ठी पेटीत नसते. बहुतेक भाजी त्याच पहाटेची असली, तरी गंगाफळ आणि कांदा सोडून बाकी कशाचे वय किती आहे हे कळले पाहिजे. तिसरे, पालेभाजीची जुडी मातीसकट बांधलेली असते. निदान मुळे छाटून दिली तर वजनातही प्रामाणिकपणा येईल आणि धुण्याचे पाणीही वाचेल, आणि पाण्याची चणचण असलेल्या आमच्या वस्तीत ही लहान गोष्ट नाही. रिकामे क्रेट परत देण्याची व्यवस्था मात्र चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

भाजी जास्त झाली तर ती वाया जाऊ देण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडचे ऊन हीच मोठी सोय आहे. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि कुरडया वाळत घालायला गच्चीवर खाट टाकलेलीच असते. तिच्या एका कडेला गवारीच्या शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून, निथळून पसरल्या, की वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतात. भेंडीच्या चकत्या आणि कारल्याच्या काचऱ्याही मीठ लावून अशाच वाळवाव्यात. संध्याकाळी खाली आणायला विसरू नये, आणि डब्यात भरण्यापूर्वी पूर्ण थंड होऊ द्याव्यात, नाहीतर आत दमटपणा धरतो. पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा ही गवार तळून वरण-भाताशी किंवा भिजवून रस्स्यात घालता येते. गिलके मात्र वाळवता येत नाही. ते शेजारी वाटावे हेच उत्तम.

कोणी घ्यावी, याविषयी माझे मत असे आहे. रोज स्वयंपाक करणाऱ्या चार-पाच माणसांच्या घराला ही पेटी पुरते आणि परवडते. सासू-सुना मिळून भाजी निवडणारे मोठे कुटुंब असेल तर दोन पेट्या घ्याव्यात, कारण एका पेटीतली गवार एकाच जेवणात संपते. दोघेच राहत असतील, किंवा दोघेही नोकरीला जात असतील, तर शेजाऱ्याबरोबर अर्धी-अर्धी वाटून घ्यावी; गट अर्धी पेटी स्वतंत्र देत नाही, पण दोन घरांनी मिळून एक नोंदणी केली तर त्यांची हरकत नसते. शिकायला शहरात आलेल्या आणि खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना मी ती सुचवणार नाही, कारण कच्ची भाजी निवडायला आणि लगेच शिजवायला जो वेळ लागतो तो त्यांच्याकडे नसतो. पावसाळी पेटीची नोंदणी मृगाच्या सुमारास सुरू होते आणि तिच्यात अंबाडी, चवळी आणि रानभाज्या असतील असे गटाने कळवले आहे. आम्ही पैसे भरले आहेत, आणि तोडणीच्या दिवसाची चिठ्ठी घालण्याची विनंती त्याच वेळी लेखी दिली आहे.